पात्र दर सेशनला वेगळंच वागतं, एकसंध कसं ठेवायचं?

अर्धविराम

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत आपापलं पात्र वठवायचा रोलप्ले खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. चार खेळाडू, आठवड्याला एक सेशन, मधल्या दिवसांत डिस्कॉर्डवर लेखी रोलप्ले. माझं पात्र तारिणी: क्लास (पात्राचा पेशा) रोग, म्हणजे Rogue, चोरट्या हिकमतींचं पात्र, चौथी लेव्हल, बंदरावरच्या जकात खात्याची माजी हेर. गुणांचे आकडे (१० म्हणजे सरासरी): करिष्मा १६, इंटेलिजन्स ८. बॅकस्टोरी तीन पानांची आहे. भाऊ हरवला, खात्यातून हकालपट्टी झाली, सगळं त्यात आहे. तरी पात्र हातात राहत नाही:

- लढाईत ती सगळ्यांच्या पुढे धावते, पण व्यापाऱ्याशी सौदा करायची वेळ आली की गप्प. थट्टामस्करी सुरू झाली की तारिणी गायब, मीच बोलायला लागतो.
- पार्टीने (आमच्या पात्रांच्या गटाने) एखादं काम घेतलं की "तारिणी हे करणार नाही" असं वाटतं आणि वादात वेळ जातो.
- इंटेलिजन्स ८ आहे, त्यामुळे चांगला प्लॅन सुचला तरी बोलावा की नाही कळत नाही.
- लेखी भागात ती एकदम गंभीर आणि काव्यात्म होते. टेबलावर तशी अजिबात नसते.

शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) नेमकं काय लिहून ठेवावं? आणि पुढे तिला बदलायचं असेल तर "हा विसरला वाटतं" असं न दिसता ते कसं करायचं?

वीसपैकीएक

तीन पानं फाडू नका, पण सेशनला घेऊनही बसू नका. बॅकस्टोरीत घडून गेलेलं असतं. जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) मात्र दर थोड्या वेळाने "आता काय करतेस?" विचारतो आणि त्याचं उत्तर तीन पानांत शोधत बसता येत नाही. मग तोंडाला येईल ते उत्तर दिलं जातं, आणि तोंडाला काय येईल हे त्या दिवशीच्या मूडवर. पात्र डळमळतं ते इथेच.

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावेल एवढंच लिहा.

हवंय काय: झालं की नाही याची खूण करता येईल असं काहीतरी. "भावाचा शोध" फार ढोबळ. "जकातीच्या नोंदवहीतून भावाच्या जहाजाचं नाव कोणी खोडलं ते शोधणं" असं लिहिलंत तर जीएमलाही धागा मिळतो: नोंदवही आहे, ती कोणाच्या तरी ताब्यात आहे, खोडणारा कारकून कुठेतरी जिवंत आहे.

किंमत: त्यासाठी काय मोजायची तयारी आहे आणि काय नाही. दोन्ही लिहा. खोटं बोलेन, चोरी करेन. पण जुन्या खबऱ्यांची नावं देणार नाही.

कोणापुढे नमते: एक माणूस किंवा एक प्रकारची माणसं. सगळ्यांशी एकाच ताठ्याने वागणारं पात्र दोन सेशनमध्ये कंटाळवाणं होतं.

दोन सवयी, "जेव्हा – तेव्हा" या साच्यात: जेव्हा नव्या खोलीत शिरते, तेव्हा आधी बाहेर पडायची वाट बघते. "सावध आहे" असं विशेषण लिहून काही होत नाही. विशेषण सगळं अभिनयावर सोडून देतं, सवय मात्र आपोआप कृती देते.

आणि एक चुकीची समजूत. जगाबद्दल पात्राला ठाम वाटणारी, पण पूर्ण खरी नसलेली गोष्ट. माझ्या मते या कागदावरची सगळ्यात कामाची ओळ हीच. तुमच्यासाठी एक सुचवतो: "उपकार म्हणजे न लिहिलेलं कर्ज, आणि ज्याचं देणं असतं तो ताब्यात असतो."

आता तुमचीच तक्रार या समजुतीवर घासून बघा. लढाईत तारिणी पुढे का धावते? तिने दुसऱ्याला वाचवलं तर देणं त्याच्या अंगावर पडतं. दुसऱ्याने तिला वाचवलं तर तिच्या अंगावर. म्हणून ती आधी उडी घेते. सौद्यात गप्प का? कारण जो आधी तोंड उघडतो तो आपली गरज दाखवतो, आणि गरज दिसली की समोरचा मेहेरबानी करायला मोकळा. दोन टोकांची वागणूक, मुळाशी कारण एकच. क्लेरिकने (पार्टीतल्या जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याने) फुकटात जखम भरली की ही दुसऱ्या दिवशी न सांगता त्याचा पहारा करून टाकेल. व्यापाऱ्याने चटकन भाव उतरवला तर खूश व्हायचं सोडून संशय घेईल. सुसंगत पात्र म्हणजे दर वेळी तीच प्रतिक्रिया देणारं पात्र, हा गैरसमज इथेच सोडा. प्रतिक्रिया बदलू द्या, कारण बदलू देऊ नका. आणि आजवर जे खेळून झालं ते पुसू नका. त्या सगळ्याला पोटात घेईल असं कारण शोधा.

२०१४ च्या पुस्तकात बॅकग्राउंडसोबत (पात्राच्या पार्श्वभूमीसोबत) दोन पर्सनॅलिटी ट्रेट (स्वभावविशेष), एक आयडियल (आदर्श), एक बाँड (बांधिलकी), एक फ्लॉ (दोष) असं मिळतं. फासे टाकून तक्त्यातून उचललं तरी चालतं, पण फ्लॉची एक परीक्षा घ्या: गेल्या तीन सेशनमध्ये त्याने तारिणीचं काही नुकसान केलं का? पैसे, वेळ, हिट पॉइंट, कोणाचा विश्वास, काहीही. उत्तर नाही असेल तर तो फ्लॉ नुसता शोभेचा आहे. "मी फार प्रामाणिक आहे", "मला स्वतःची पर्वा नाही" हे नेहमीचे नमुने. कौतुकच, दोषाच्या वेषात आलेलं. फ्लॉमुळे अडचण झाली की जीएम इन्स्पिरेशन देऊ शकतो, म्हणजे पुढच्या एका रोलला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा). एका वेळी एकच जवळ ठेवता येतं, तेव्हा साठवत बसू नका. (२०२४ च्या नव्या पुस्तकातल्या बॅकग्राउंडसोबत हे तक्ते येत नाहीत. जुनं पुस्तक हाताशी असू द्या.)

इंटेलिजन्स ८ म्हणजे त्या रोलमध्ये उणे एक. १० वाल्याच्या तुलनेत वीस बाजूंच्या फाशावर फक्त ५ टक्क्यांचा फरक. त्यासाठी तिला मठ्ठ करायची काहीच गरज नाही. प्लॅन बेलाशक मांडा, फक्त तिच्या ओळखीच्या गोष्टींतून मांडा: पहारे कधी बदलतात, कोण लाच घेतो, कोणतं गोदाम रात्री उघडं असतं. जुना इतिहास, मंत्रविद्या, लांबलचक हिशेब आले की दुसऱ्याकडे बघा. आठचा आकडा असा दिसला की पुरे.

बहुरूपी

वरच्या प्रतिसादात पाया आला. मी फक्त आवाज आणि बोलणं यावर लिहितो, कारण थट्टेत पात्र गायब होतं ते तिथूनच.

घोगरा आवाज, वेगळी बोली, हेल यांच्या नादी लागू नका. तीन-चार तास तो टिकत नाही, दमलात की सुटतो, आणि प्रत्येक सुटणं टेबलाला ऐकू येतं. बोलीचा तर हमखास नकला होऊन विचका होतो. त्याऐवजी बोलण्याचा सांगाडा ठरवा. वाक्यं आखूड की लांब? प्रश्न विचारते की विधानं करते? कोणता शब्द कधीच वापरत नाही? तारिणी "धन्यवाद" म्हणत नाही एवढं ठरवलंत तरी वर सांगितलेली कर्जाची समजूत दर सेशनला ऐकू येईल. आभार मानायची वेळ आली की ती "लक्षात ठेवेन" म्हणते. बस.

मराठीत खेळताना दोन अवजारं फुकटात हाताशी असतात आणि बहुतेक जण ती वापरतच नाहीत.

पहिलं, तू-तुम्ही-आपण. तारिणी कोणाला काय म्हणते याची चार ओळींची यादी करा. क्लेरिकला तू. पहारेकऱ्यांच्या नायकाला आपण. ज्याचा तिला मनापासून तिटकारा आहे त्याला अतिशय नीटनेटकं तुम्ही. एकदा ही यादी पाळायला लागलात की तिचा भंगही बोलतो. नायक वेशीवर अडवून नावं विचारतो तो प्रसंग घ्या:

"आपण रोज इथेच असता?"
"असतो. नाव सांगा."
"आपल्या पगारातून शेजारच्या खानावळीची उधारी फिटते का हो, की अजून बाकी आहे?"
"नाव सांगा म्हणालो."
"मागच्या महिन्यात तीन पेट्या पास केल्यास. वजन न करता."

शेवटच्या ओळीत "केल्यात" चं "केल्यास" झालं. कोणी वर्णन केलं नाही, आवाज चढवला नाही, तरी पारडं फिरलं हे सगळ्यांना कळतं. मात्र हे दर प्रसंगात करू नका. सेशनला एकदाच केलंत तर धार राहते.

दुसरं, क्रियापदाचं लिंग. तुम्ही पुरुष आहात आणि पात्र स्त्री आहे. "मी आत शिरते" म्हणजे तारिणी बोलतेय, "मी अटॅक रोल टाकतो" म्हणजे तुम्ही. ही रेघ काटेकोर पाळा. संवादात आणि पात्राच्या कृतीत तिचं लिंग, नियम आणि फाशांबद्दल बोलताना तुमचं. मग "हे तू म्हणालास की ती म्हणाली?" हा प्रश्नच उरत नाही आणि थट्टाही सोपी होते. पुल्लिंगात केलेला विनोद टेबलावरचा, स्त्रीलिंगात केलेला गोष्टीतला, आणि गोष्टीतल्या विनोदाला गोष्टीतले परिणाम. पात्राचं आणि तुमचं लिंग एकच असेल तर ही सोय नसते. तिथे नियमांबद्दल बोलताना पात्राचं नाव घेऊन तिसऱ्या पुरुषात बोलायचं.

करिष्मा १६ आहे पण तुम्हाला स्वतःला गोड बोलणं जमत नाही, अशीही अडचण येत असेल तर भाषण ठोकायची गरज नाही. दोन गोष्टी सांगा आणि रोल मागा: काय मिळवायचंय, आणि कोणत्या वाटेने. "त्याने पेटी न उघडता सोडावी, म्हणून मी त्याच्या वरिष्ठाचं नाव सहज बोलता बोलता घेते." एवढ्यावर जीएमला डीसी (रोलने गाठायचा आकडा) ठरवता येतो. वाट मात्र पात्राची हवी. तारिणी खुशामत करणार नाही, कारण खुशामत म्हणजे आपण होऊन समोरच्याला वर बसवणं.

कोरापडदा

दुसऱ्या मुद्द्यावर जीएमच्या बाजूने. "माझं पात्र हे करणार नाही" हे वाक्य खरं असलं तरी अर्धवट आहे. पात्र तुम्हीच बनवलंय. पार्टीसोबत जायला त्याला कारण नसेल तर तो पात्राचा स्वभाव नव्हे, बांधणीतली उणीव. पहिल्या सेशनआधीच प्रत्येक खेळाडूने बाकीच्यांपैकी किमान दोघांशी आपल्या पात्राची गाठ मारून ठेवावी. मैत्रीच हवी असं नाही: देणं, गुपित, एकच शत्रू, काहीही चालतं. तुमच्याकडे ते राहून गेलं असेल तर आता जोडा. जीएमला विचारून एखादं जुनं देणं पार्टीतल्या कोणाच्या तरी गळ्यात घाला.

वाद उभा राहिलाच तर प्रश्न उलटा विचारायचा. "ती जाईल का?" हा प्रश्न टाकून द्या, "ती कशासाठी जाईल?" हा घ्या. आधी निर्णय, मग त्याचं कारण. तारिणी अनाथाश्रम वाचवायला जाणार नाही, ठीक. पण आश्रमाचा विश्वस्त जकात खात्यातला असेल तर? तो नसेल तर जीएमला विचारा, "असू शकेल का?" चांगला जीएम दहापैकी नऊ वेळा हो म्हणतो. त्याला आयता धागा मिळतो. आणि जाताना ती कुरकुरेल, अट घालेल, मोबदला मागेल. विरोध दाखवायला एवढी जागा पुरते. खेळ थांबवून विरोध दाखवायचा नाही.

नकार खरंच हवा असेल तर तो कागदावरच्या "काय मोजणार नाही" या ओळीतूनच यावा, आणि ती ओळ बाकी खेळाडूंना आधीपासून माहीत असावी. ऐनवेळी निघालेलं तत्त्व अडवणुकीसारखं वाटतं, कारण बहुतेक वेळा ते तसंच असतं.

अलाइनमेंटचा (शीटवरच्या पात्राच्या नैतिक कलाचा) आधार इथे घेऊ नका. "केऑटिक न्यूट्रल आहे म्हणून खिसा कापला" यातून काहीच कळत नाही. अलाइनमेंट हे झालेल्या वागण्याला चिकटवायचं लेबल, कारण नव्हे.

एक वेगळा मुद्दा. सगळंच खेळाडूच्या मर्जीवर ठेवलं की पात्र नेहमी फायद्याचंच वागतं. काही खेळांनी हे फाशांवर सोपवलंय आणि ती पद्धत उसनी घेण्यासारखी आहे. गर्प्स या रोलप्ले खेळाच्या चौथ्या आवृत्तीत स्वभावदोषाला ६, ९, १२ किंवा १५ असा आत्मसंयमाचा आकडा असतो. मोहाच्या क्षणी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर पात्र स्वतःला आवरतं. १२ असेल तर आवरण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, ९ असेल तर ३७.५. पेंड्रॅगन या १९८५ च्या खेळात परस्परविरोधी गुणांच्या १३ जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. शौर्य १६ म्हणजे भित्रेपणा ४. एखादा गुण १६ किंवा वर गेला की त्याच्या कसोटीच्या प्रसंगी फासा टाकावाच लागतो.

वीसपैकीएक

फाशांबद्दल थोडा असहमत. मोठ्या निर्णयाला फासा टाकला की खेळाडू हात झटकतो, "मी काय करू, ११ आला." लहानसहान मोहांपुरतं ठीक: पेटी उघडून बघणे, टोमणा मारणे, पैज घेणे. खबऱ्यांची नावं द्यायची की नाही, हे मात्र तुम्हीच ठरवा आणि त्याचं खापरही घ्या.

शाईचाडाग

लेखी भाग राहिला.

टेबलावरची आणि लेखी तारिणी वेगळ्या वाटतात कारण लिहिताना तिच्या डोक्यात शिरायची मुभा मिळते. टेबलावर ती मुभा नसते, तिथे फक्त बोलणं आणि कृती. उपाय सरळ आहे: लेखी पोस्टमध्येही मनातल्या विचाराला एकच वाक्य. बाकी सगळं बघणाऱ्याला दिसेल किंवा ऐकू येईल असं. "तिच्या मनात जुन्या आठवणींचं वादळ उठलं" यावर दुसरा खेळाडू काय करणार? त्याच्या पात्राला ते दिसतच नाही. "तिने पेला पालथा घातला आणि दाराकडे तोंड करून बसली" यावर तो काहीतरी करू शकतो.

लांबी ८० ते १५० शब्द. त्याहून लांब पोस्टमध्ये हटकून दोन-तीन कृती एकदम होतात आणि समोरच्याला पहिल्या कृतीला उत्तर द्यायची संधी उरत नाही. शेवट अशा जागी करा की कोणाला तरी पुढे यावं लागेल: प्रश्न, पुढे केलेली वस्तू, अर्धवट उघडलेलं दार. आणि दुसऱ्याच्या पात्राची प्रतिक्रिया कधीच लिहायची नाही. "तिचं बोलणं ऐकून तो वरमला" हे त्याने ठरवायचं.

काळ एकच ठेवा. "ती म्हणाली" ने सुरू करून "ती उठते" वर जाणं मराठीत फार चटकन होतं आणि वाचताना खडा लागतो.

सातत्यासाठी एक नोंदपत्रक ठेवा, साधी स्प्रेडशीटही पुरे. रकाने चार: काय घडलं, तारिणीला काय कळलं, फक्त मला काय कळलं, आणि कोणाचं कोणाकडे देणं. प्रत्येक सेशननंतर तीन ते पाच ओळी, त्याच दिवशी. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. पार्टी विभागली की तुम्ही टेबलावर बसून सगळं ऐकता, तारिणी मात्र तिथे नसते. दोन आठवड्यांनी कोणाला काय ठाऊक होतं हे कोणालाच आठवत नाही, आणि ती न ऐकलेल्या गोष्टीवर खवळते.

अंगाच्या खुणा एकाच जागी लिहा: डावखुरी की उजवी, व्रण कुठे, उंची, काय पोहता-वाचता येतं. वाचक मोठ्या विसंगती पोटात घालतो, व्रण गालावरून कपाळावर गेलेला मात्र पकडतो.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. कागद केलाय, तपासाल का?

हवंय: जहाजाचं नाव खोडणारा शोधणं.
किंमत: खोटं, चोरी, स्वतःची बदनामी चालेल. खबऱ्यांची नावं नाही.
नमते: म्हाताऱ्या माणसांपुढे.
सवयी: जेव्हा खोलीत शिरते, तेव्हा बाहेर पडायची वाट बघते. जेव्हा घाबरते, तेव्हा शांत होते.
समजूत: उपकार म्हणजे कर्ज.
बोली: "धन्यवाद" नाही, "लक्षात ठेवेन".

आणि बदलाचं राहिलंच.

वीसपैकीएक

दोन ओळी कच्च्या आहेत. "घाबरते तेव्हा शांत होते" हे टेबलावर कोणाला दिसणार? शांत तर ती एरवीही असते. दिसेल असं करा: घाबरली की हातातल्या वस्तू मोजते, किंवा समोरच्याचं शेवटचं वाक्य तसंच्या तसं परत म्हणते. आणि "म्हाताऱ्या माणसांपुढे" फार सैल आहे, जगात म्हातारे पुष्कळ. "जिने लिहायला शिकवलं त्या वृद्ध कारकून बाईसारखं बोलणाऱ्या कोणापुढेही" केलंत तर जीएम तशी एखादी बाई नक्की आणेल. बहुधा चुकीच्या बाजूला.

बदल करायचा तो समजुतीच्या ओळीत करा, सवयी तशाच राहू द्या. समजुतीला तीन धक्के लागतात. पहिल्यांदा कोणीतरी उपकार करून परतफेड मागत नाही, तारिणी त्यावर विश्वास ठेवत नाही आणि जबरदस्तीने फेडते. दुसऱ्यांदा तसंच होतं, यावेळी फेडण्याच्या हट्टापायी तिचं किंवा पार्टीचं खरं नुकसान होतं. तिसऱ्यांदा ती फेडायला निघते आणि थांबते. तीनही वेळा ते टेबलासमोर घडलं पाहिजे, मनातल्या मनात नाही, आणि मध्ये दोन-तीन सेशनचं अंतर हवं. नोंदपत्रकाच्या देण्याच्या रकान्यात ते दिसेलच. सवयी मागे राहतात म्हणून माणूस तोच वाटतो: विश्वास बसला तरी खोलीत शिरताना ती दाराकडे बघणारच.

बहुरूपी

आणि तिसऱ्या वेळी "धन्यवाद" म्हणायला लावू नका, सगळे तेच करतात. क्लेरिकला "लक्षात ठेवेन" म्हणायच्या जागी ती काहीच म्हणत नाही, एवढं ठेवा. बाकीचं टेबलावरच्या लोकांना कळतं.